सी-आर्म वापरताना: पेडल दाबण्याआधी, दाबताना आणि नंतर काय करायचे

ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे प्रतिमा दाखवणारा चाकांवरचा यंत्रसंच, आत आला की सगळ्यांची एकच धांदल उडते, किरण अडवणारा शिशाचा अ‍ॅप्रन शोधण्याची. अ‍ॅप्रन लागतोच. पण खोलीतल्या माणसांना आणि पेशंटला किती डोस मिळणार, हे त्याआधीच बरेचसे ठरून गेलेले असते. किरण सोडणारी ट्यूब वर आहे की खाली, पेशंट तिच्यापासून किती लांब आहे, सेकंदाला किती पल्स (किरणांचे झटके) ठेवले आहेत आणि पेडलवर कोणाचा पाय आहे, यावर ते ठरते. या गोष्टी किरण सुरू असताना जुळवत बसणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. सर्जन, टेक्निशियन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर या चौघांनीही सगळे टप्पे वाचावेत, कारण एकाची चूक दुसऱ्याच्या डोस मोजणाऱ्या बॅजवर उमटते.

## आधी हिशेब समजून घ्या

ट्यूबमधून निघालेला मुख्य झोत पेशंटच्या अंगावर पडतो. त्यातला काही भाग शरीरात अडतो, थोडा प्रतिमा टिपणाऱ्या डिटेक्टरपर्यंत पोहोचतो आणि उरलेला पेशंटच्या अंगातून चारी दिशांना विखुरतो. स्टाफला मिळणारा डोस जवळजवळ सगळा या विखुरलेल्या किरणांचा असतो. म्हणजे उभे राहण्याची जागा ठरवताना अंतर मोजायचे ते पेशंटच्या शरीराच्या ज्या भागावर झोत पडतो आहे तिथून.

ढोबळ नियम असा: पेशंटच्या त्वचेवर जेवढा डोस पडतो, त्याच्या साधारण हजाराव्या भागाइतका डोस १ मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत येतो. त्वचेवर मिनिटाला २० मिलिग्रे (मिलिग्रे हे डोसचे एकक) पडत असतील, तर १ मीटरवर मिनिटाला ०.०२ मिलिग्रे. एकूण १० मिनिटे पेडल दाबले गेले तर ०.२ मिलिग्रे. एक पाऊल मागे जाऊन अंतर २ मीटर केले की तोच आकडा ०.०५ वर येतो, आणि वाकून अर्ध्या मीटरवर आलात की ०.८ वर जातो. अंतर दुप्पट झाले की डोस चौथा हिस्सा होतो, तो असा.

हा ०.२ चा आकडा किरकोळ वाटतो. पण अशी १०० ऑपरेशने वर्षात झाली की बेरीज २० मिलिग्रे होते, आणि डोळ्यांवर अ‍ॅप्रन नसतो. किरणोत्सर्ग संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग, म्हणजे आयसीआरपी, याने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून थेट २० मिलिसिव्हर्टवर आणली (एक्स-रेच्या बाबतीत १ मिलिग्रे म्हणजे साधारण १ मिलिसिव्हर्ट धरा). कारण मोतीबिंदू पूर्वी मानले जात होते त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसला होऊ शकतो, हे लक्षात आले. संपूर्ण शरीरासाठीची आयसीआरपीची मर्यादाही पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ५० च्या वर जायचे नाही. हातांसाठी ती ५०० आहे.

यातून एक गोष्ट निघते आणि ती पुढच्या प्रत्येक टप्प्यात कामाला येईल: पेशंटचा डोस कमी केला की तुमचा आपोआप कमी होतो.

## टप्पा १: अ‍ॅप्रन, कॉलर, चष्मा आणि बॅज

१. अ‍ॅप्रनवरचे लेबल वाचा. ७० ते ८० केव्हीच्या (केव्ही म्हणजे ट्यूबचा व्होल्टेज, तो जितका जास्त तितके किरण भेदक) किरणांना ०.२५ मिमी लेडच्या, म्हणजे शिशाच्या, तोडीचा अ‍ॅप्रन ९० टक्क्यांहून जास्त अडवतो, ०.५ मिमीचा त्याहूनही जास्त. केव्ही वाढले की दोन्हींचा अडवण्याचा वाटा घसरतो. पुढून-मागून गुंडाळायचा अ‍ॅप्रन दोन्ही बाजूंनी ०.२५ मिमीचा असेल, तर समोर दोन पदर पुरते एकमेकांवर आले पाहिजेत, तरच तिथे ०.५ मिमी मिळतात. तो घट्ट होतो म्हणून नुसता अडकवून ठेवला, तर छातीवर एकच पदर राहतो.

२. माप बघा. काखेपाशी भोक मोठे असेल तर हात वर उचलल्यावर स्तनाचा बाजूचा भाग उघडा पडतो, आणि सर्जन बहुतेक वेळ पेशंटकडे बाजू करूनच उभे असतात.

३. थायरॉईड कॉलर गळ्यालगत बांधा. खाली लोंबणारी कॉलर छातीचे रक्षण करते, तिथे अ‍ॅप्रन आधीच असतो.

४. लेडचा चष्मा बाजूंनी झाकणारा हवा. काम करताना डोके मॉनिटरकडे वळलेले असते आणि किरण पेशंटकडून, म्हणजे खालून आणि बाजूने येतात. गाल आणि काच यांच्यामधल्या फटीतून ते सरळ डोळ्यात जातात.

५. एकच बॅज मिळत असेल तर तो अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर. दोन मिळत असतील तर दुसरा कॉलरपाशी, अ‍ॅप्रनच्या बाहेर. दोन्हींवर आत आणि बाहेर अशी खूण करा आणि ती कधी बदलू नका.

तपासा: अ‍ॅप्रन टेबलावर पसरून दोन्ही तळव्यांनी चाचपा. आत गोळा झालेला, सरकलेला किंवा घडीच्या रेषेवर पातळ झालेला भाग हाताला कळतो. वर्षातून एकदा त्याची प्रतिमा घेऊन बघा. हे सी-आर्मखाली करायचे असेल तर ऑटोमॅटिक ब्राइटनेस (प्रतिमा काळी दिसली की किरण आपोआप वाढवणारी सोय) बंद करून मॅन्युअलवर कमी केव्ही ठेवा. ऑटोवर ठेवले तर समोर लेड आल्यामुळे मशीन ताकद वाढवत नेते आणि तपासणाऱ्यालाच डोस देते. सीटी स्कॅनरवर अ‍ॅप्रन पसरून एक स्काउट प्रतिमा (स्कॅनआधीची साधी सपाट प्रतिमा) काढणे जास्त सोपे. छाती, पोट किंवा जननेंद्रियांवर येणाऱ्या भागात चीर दिसली तर तो अ‍ॅप्रन बाद करा. वरच्या कापडाला टाके घालून आतली चीर बुजत नाही.

## टप्पा २: पेशंटला विचारायचे प्रश्न

प्रजननक्षम वयातील स्त्री पेशंटला शेवटची पाळी कधी आली हे एकांतात विचारा, नातेवाइकांच्या घोळक्यात नाही. उत्तर केस पेपरवर तारखेसह लिहा. पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करून घ्या, ऑपरेशन तातडीचे नसेल तर थांबता येते. हाताच्या किंवा घोट्याच्या ऑपरेशनमध्ये झोत नीट आवळलेला असेल तर गर्भापर्यंत पोहोचणारा डोस नगण्य असतो, त्यासाठी हाड जोडण्याचे काम अडवू नये. माकडहाड, कंबर, खुबा या भागात मात्र निर्णय सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून घ्यायचा.

इथे एक चुकीची सवय हमखास दिसते. ट्यूब टेबलाखाली असते आणि लेडचा तुकडा पेशंटच्या पोटावर वरून ठेवला जातो. किरण खालून येतात, त्यामुळे त्या तुकड्याचा मुख्य झोतासाठी काहीच उपयोग नाही. तो सरकून झोतात आला तर तोटाच होतो, कारण मशीनला प्रतिमा काळी दिसते आणि ते किरण वाढवते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या एएपीएम या संघटनेनेही २०१९ मध्ये पेशंटच्या जननेंद्रियांवर आणि गर्भावर लेड ठेवण्याची नेहमीची प्रथा थांबवावी अशी भूमिका घेतली. झोत आवळून लहान ठेवणे हेच पेशंटचे खरे संरक्षण.

याआधी अलीकडे त्याच भागावर लांबलेली अँजिओग्राफी किंवा तसे काही झाले आहे का, हेही विचारा. त्वचेचा डोस साठत जातो.

## टप्पा ३: मशीन मांडणे

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई करू नका.

१. ट्यूब खाली, डिटेक्टर वर. किरण शरीरात शिरतात त्या बाजूला विखुरणे सर्वात जोरात असते, कारण पलीकडे जाणारे विखुरलेले किरण पेशंटचेच शरीर अडवते. ट्यूब खाली असली की ते बहुतेक पायांकडे आणि जमिनीकडे जातात. ट्यूब वर घेतली की तोच मारा चेहरा, डोळे आणि गळ्यावर येतो. हाताच्या ऑपरेशनमध्ये डिटेक्टरचाच टेबल करून ट्यूब वर ठेवतात. हात पातळ असल्याने तिथे किरण कमी लागतात, पण मग ट्यूब शक्य तितकी उंच हवी आणि चष्मा-कॉलर लागतातच.

२. पेशंट ट्यूबपासून लांब, डिटेक्टर पेशंटला टेकेल इतका जवळ. बहुतेक सी-आर्ममध्ये ट्यूब आणि डिटेक्टर यांच्यातले अंतर पक्के असते, १ मीटरच्या आसपास. त्यामुळे टेबल वर-खाली केल्याने पेशंट कोणाच्या जवळ जाणार ते ठरते. ट्यूबपासून त्वचा ४० सेंटिमीटरवर असताना जेवढा डोस पडतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्सा ती ७० सेंटिमीटरवर असताना पडतो. टेबल उंच करण्याचा खर्च शून्य आहे. फक्त सर्जनला उभे राहायला पायाखाली चौरंग लागतो, तो आधीच आणून ठेवा.

३. ट्यूबवरचा स्पेसर काढू नका. त्वचा ट्यूबच्या फार जवळ येऊ नये म्हणूनच तो बसवलेला असतो. जागा होत नाही म्हणून तो काढून ठेवलेला आढळला तर परत बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. लॅटरल व्ह्यूमध्ये, म्हणजे बाजूने प्रतिमा घेताना, सर्जन डिटेक्टरच्या बाजूला. ट्यूबच्या बाजूला उभे राहिल्यास डोस कित्येक पट वाढतो. ऑपरेशनचा भाग कोणत्या बाजूला आहे त्यावरून सी-आर्म कोणत्या बाजूने आत आणायचा हे पेशंट टेबलावर घेण्याआधी ठरवा. ड्रेपिंग झाल्यावर, म्हणजे निर्जंतुक कापडे घातल्यावर, मशीन फिरवायला कोणीच तयार होत नाही.

५. मॉनिटर सर्जनच्या समोर, डोळ्यांच्या पातळीला. मान वळवून बघावे लागले की वेळही वाढतो आणि चष्म्याची बाजूही उघडी पडते.

६. टेबलाच्या कडेचे लोखंडी रॉड, ईसीजीच्या वायरी, क्लॅम्प झोताच्या वाटेतून बाजूला घ्या. मशीन त्यांना पेशंटचा जाड भाग समजते.

तपासा: पेडल न दाबता, लेझरच्या रेघेने किंवा नजरेने झोताचा मध्य ऑपरेशनच्या जागेवर आला का बघा. चाके लॉक करा. जमिनीवर चाकांच्या जागी चिकटपट्टीची खूण केली तर पुढे प्रत्येक वेळी मशीन त्याच जागी परत येते आणि जागा शोधण्यासाठीचे शॉट वाचतात.

## टप्पा ४: सेटिंग

आधी पेशंटचे नाव आणि शरीराचा भाग निवडा. मागच्या पेशंटचा मणक्याचा प्रोग्रॅम तसाच ठेवून मनगट बघणे ही रोजची चूक आहे.

१. पल्स मोड सुरू करा. सलग किरण किंवा सेकंदाला ३० पल्स यांची हाडांच्या कामात क्वचितच गरज पडते. ८ किंवा त्याहून कमी पल्सवर स्क्रू आणि वायर व्यवस्थित दिसतात. पल्स निम्मे केले की डोस बरोबर निम्मा होईलच असे नाही, काही मशीन प्रत्येक पल्स थोडा जोरदार करतात, पण कमी नक्की होतो.

२. लो-डोस मोडपासून सुरुवात करा. प्रतिमा कामापुरती आहे का, हे सर्जनला विचारा. देखणी प्रतिमा मिळवण्याची गरज नसते.

३. कोलिमेटर, म्हणजे झोत लहान करणारी झडप, आवळा. पडद्यावर कोलिमेटरच्या कडा रेघांनी दाखवणारे मशीन असेल तर ते किरण न सोडता करता येते. कोलिमेटर आवळला की विखुरणारे किरण कमी होतात आणि प्रतिमाही स्वच्छ दिसते. एकाच कृतीत दोन्ही फायदे देणारे दुसरे बटण मशीनवर नाही.

४. मॅग्निफिकेशन शक्यतो टाळा. इमेज इंटेन्सिफायरवर (जुन्या प्रकारच्या गोल डिटेक्टरवर) २३ सेंटिमीटरचे क्षेत्र १५ वर आणले की त्वचेवरचा डोस दुपटीच्या वर जाऊ शकतो. थांबलेली प्रतिमा पडद्यावर मोठी करून बघा, त्याला किरण लागत नाहीत.

५. लहान मुलांसाठी ग्रिड (डिटेक्टरसमोरची, विखुरलेले किरण गाळणारी जाळी) काढता येत असेल तर काढा.

सावधान: जाड पेशंट आणि तिरके व्ह्यू यांचा डोस नजरेला कळत नाही. वाटेत साधारण ३ सेंटिमीटर मांस वाढले की त्वचेवरचा डोस दुपटीच्या आसपास जातो. खुब्याचा लॅटरल व्ह्यू हा यामुळेच महागडा शॉट आहे. तो नेमका किती वेळा लागणार हे आधी ठरवून घ्या.

## टप्पा ५: कोणी कुठे उभे राहायचे

ज्याचे हात पेशंटवर नाहीत, त्याने २ मीटरच्या पलीकडे किंवा लेडच्या पडद्यामागे जावे. टेक्निशियनने केबल जाईल तितके मागे राहावे. भूलतज्ज्ञ अनेकदा पाठ करून औषध भरत असतात, आणि फक्त पुढून झाकणारा अ‍ॅप्रन तेव्हा काहीच अडवत नाही. त्यांच्यासाठी पुढून-मागून झाकणारा अ‍ॅप्रन ठेवा किंवा त्यांच्यासमोर चाकांचा पडदा लावा. काम नसलेल्यांनी बाहेर थांबावे.

गर्भवती सहकाऱ्याने लवकर कळवणे तिच्या हिताचे आहे. कळवल्यानंतर उरलेल्या गर्भारपणात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू नये अशी आयसीआरपीची शिफारस आहे. पोटावर, अ‍ॅप्रनच्या आत, वेगळा बॅज द्या आणि कामाची वाटणी बदला. हे सांगितल्याबद्दल तिचे काम जाणार असेल तर कोणी सांगणार नाही, हे विभागप्रमुखांनी लक्षात ठेवावे.

## टप्पा ६: पेडल

१. पेडल कोणाकडे, हे सुरुवातीला मोठ्याने ठरवा. एकच माणूस. पेडल सर्जनच्या पायाशी असेल तर त्यावर झाकण हवे, कारण उभे राहण्याची बाजू बदलताना पाय पडतो. डायथर्मीचे (विजेने कापण्याच्या आणि रक्तस्राव थांबवण्याच्या यंत्राचे) पेडल त्याच्या शेजारी ठेवू नका.

२. आधी "एक्स-रे" असे स्पष्ट पुकारा, एक क्षण थांबा, मग दाबा. त्या क्षणात लोक मागे होतात.

३. हात बाहेर घ्या. वायर धरावी लागत असेल तर लांब चिमटा किंवा होल्डर वापरा. लेडचे हातमोजे घालून हात झोतात घालणे दुहेरी घातक आहे: झोतात लेड आले की ऑटोमॅटिक ब्राइटनेस किरण वाढवते, मोज्याचा फायदा बराचसा निघून जातो, आणि पेशंटला उगाच जास्त डोस मिळतो. पडद्यावर बोटांची हाडे दिसली की पेडल ताबडतोब सोडायचे, असा नियमच करा.

४. दाबा, सोडा, बघा. शेवटची प्रतिमा पडद्यावर राहते. विचार आणि चर्चा त्या प्रतिमेवर करा. पेडल दाबून ठेवून मशीन सरकवत जागा शोधू नका. जागा बदलायची असेल तर सोडा, हलवा, पुन्हा एक टिचकी द्या.

५. हाय-लेव्हल फ्लुरोस्कोपी (जास्त ताकदीचे चालू एक्स-रे चित्रण) आणि सिने रेकॉर्डिंगचे पेडल वेगळे असते आणि त्याचा डोस कित्येक पट असतो. नवीन माणसाला दोन्ही पेडल आधी दाखवून द्या.

तपासा: ५ मिनिटांचा गजर झाला की नुसता बंद करू नका. टेक्निशियनने एकूण मिनिटे आणि डोस मोठ्याने सांगावा. आता आणखी किती शॉट लागतील, हे सर्जनला तेव्हाच विचारायचे. झोत बराच वेळ त्वचेच्या एकाच जागेवर पडत असेल तर कोन थोडा बदला.

पेडल सोडले की किरण त्याच क्षणी थांबतात. खोलीत, हवेत किंवा पेशंटच्या अंगात काहीही उरत नाही. पेशंटला उचलायला किंवा चादर बदलायला घाबरणाऱ्या मावशींना आणि वॉर्डबॉयना हे कोणीतरी नीट समजावून सांगितले पाहिजे.

## टप्पा ७: काम संपल्यावर

१. मशीन बंद करण्याआधी स्क्रीनवरचे तीन आकडे लिहून घ्या: फ्लुरोस्कोपीची मिनिटे, डॅप म्हणजे डोस आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार, आणि रेफरन्स पॉइंटवरचा एअर कर्मा, म्हणजे पेशंटच्या त्वचेच्या आसपासच्या एका ठरावीक बिंदूवर जमलेला डोस. नुसती मिनिटे लिहिणे पुरेसे नाही. बारीक पेशंटची १० मिनिटे आणि जाड पेशंटची १० मिनिटे यांत फार अंतर असते.

२. त्वचेच्या एकाच जागेवर २ ग्रे पडले की तात्पुरती लाली येऊ शकते, ३ ग्रेच्या आसपास तिथले केस गळू शकतात. एअर कर्मा ५ ग्रेपर्यंत गेला असेल तर पेशंटला आणि घरच्यांना नेमकी जागा दाखवून सांगा आणि २ ते ४ आठवड्यांनी त्वचा बघायला बोलवा. हे लक्षण लगेच दिसत नसल्याने पेशंट महिन्याने त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथे भाजल्याचे किंवा अ‍ॅलर्जीचे निदान होते. तुम्ही लिहून दिलेली एक ओळ तेव्हा कामाला येते.

३. अ‍ॅप्रन पुसून रुंद हँगरवर टांगा. घडी, खुर्चीची पाठ आणि दाराचा खिळा यांनीच अ‍ॅप्रन मरतात. तो वॉशिंग मशीनमध्ये किंवा ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही.

४. बॅज काढून कंट्रोल बॅजच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या, कोणीही न घालायच्या बॅजच्या) जागी, एक्स-रे खोलीपासून दूर ठेवा. अ‍ॅप्रनवर तसाच लटकत राहिला तर तो खोलीतला डोस मोजत बसतो. स्वतःचा एक्स-रे किंवा सीटी काढून घेताना बॅज घालू नका.

## बॅजचा रिपोर्ट वाचणे

रिपोर्ट फाईलला लावण्याआधी प्रत्येकाने आपला आकडा बघावा. वर्षाला २० ही मर्यादा धरली तर महिन्याला सरासरी सुमारे १.७ होते, पण नीट काम करणाऱ्याचा आकडा त्याच्या बराच खाली राहतो. म्हणून १.७ ची वाट न बघता, नेहमीच्या तिप्पट आकडा दिसला की त्या महिन्यात काय बदलले ते शोधा: नवा सहकारी, बिघडलेला पल्स मोड, की ट्यूब वर घेऊन केलेली ऑपरेशने.

भरपूर काम करूनही दर वेळी शून्य येत असेल तर बॅज लॉकरमध्येच राहतो आहे का ते बघा. दोन बॅज वापरत असाल तर बाहेरचा आकडा आतल्याच्या कितीतरी पट असायला हवा. दोन्ही जवळपास सारखे आले तर एक तर बॅजची मधूनमधून अदलाबदल होते आहे, नाहीतर अ‍ॅप्रन आतून फाटला आहे. त्याच दिवशी तो अ‍ॅप्रन काढून तपासायला पाठवा.